बायकोचा इंग्रजीचा पेपर आणि माझी जळजळ

इंग्रजीच्या पेपरात मी आयुष्यात एकदाही नापास झालेलो नाही. आमच्या शिरवणे गावात कुणालाही विचारा. सातवीत ज्या दिवशी इंग्रजीचा पेपर होता त्या दिवशी मी खाडीत चिंबोऱ्या धरायला गेलो होतो, आणि त्यानंतर शाळेची पायरी चढलोच नाही. जो पेपरच देत नाही त्याला नापास करणार कोण?

देवळाच्या कट्ट्यावर हे सांगितलं की आमची मंडळी अजून हसतात. मग कुणीतरी म्हणतं, "आता वैनीचा सांग." वैनीचे, म्हणजे माझ्या बायकोचे किस्से गेल्या वर्षभरात इतके साठलेत की विचारू नका. भाडेकरू खोली सोडताना गच्चीवर सामान टाकून जातात ना, मोडका कूलर, सायकलचं एक चाक, बिनझाकणाचा कुकर, तसं झालंय. रोज म्हणतो आवरायला पाहिजे, आणि रोज वर एक नवीन वस्तू दिसते.

ह्या किस्स्यांत माणसं फार नाहीत. एक माझी नात तन्वी, दहावीला. तिचे आईबाप सकाळी नोकरीला जातात ते संध्याकाळी दमून येतात, त्यांना आपण सोडून देऊ. दुसरे आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, सबनीस सर. साताऱ्याकडचे, एकटेच राहतात, मुंबईच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. वय माझ्याएवढंच, पण केस सगळेच्या सगळे डोक्यावर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी जी जळजळ झाली तिच्यात केसांचाही वाटा आहे. आणि तिसरी आमची ती.

* * *

सर तन्वीला शिकवायला संध्याकाळी खाली आमच्या हॉलमध्ये यायचे. मी खुर्चीत बसून पहारा द्यायचो. सर शब्द विचारायचे, तन्वी पेन चावायची, आणि उत्तर किचनमधून यायचं. पहिले दोन दिवस मला वाटलं टीव्ही चालू आहे.

तिसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "एन्शंटच्या उलट शब्द काय?"

सुकट भाजल्याचा वास आला आणि वासाच्या मागून आवाज आला, "मॉडर्न."

सर थांबले. "कोण बोललं?"

"आजी," तन्वी म्हणाली.

"आजी किती शिकल्यात?"

मी म्हटलं, "चुलीपुरतं."

आतून कालथा आपटल्याचा आवाज आला. "नववी पास. वर्गात दुसरी."

चव्वेचाळीस वर्षं संसार केला, मला हे ठाऊक नव्हतं. मी आत जाऊन विचारलं, "काय गो, कधी बोलली नाहीस ती?"

"तुमी कवा इचारलं?"

* * *

मग सरांच्या डोक्यात आलं की हिने बाहेरून दहावीला बसावं. त्याचा सतरा नंबरचा फॉर्म असतो म्हणे. ही लग्नाआधी खारघरची. तेव्हा तिथे भातशेती होती, टॉवर नव्हते. दहावीच्या वर्गात तीन महिने बसली आणि माझं स्थळ गेलं. एवढा हुशार मुलगा मिळतोय तर दहावी कशाला, असं तिच्या बापाला वाटलं. मलाही वाटलं.

सर म्हणाले, "शाळा सोडल्याचा दाखला लागेल."

मी पाय ताणले. म्हटलं, "झालं. एवढ्या वर्षांपूर्वीचा कागद आनायचा कुठनं? सोडा विषय."

ती उठली, कपाटाखालची तिची पेटी ओढली, लग्नाच्या शालूखाली हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाखला काढला. इस्त्री केल्यासारखा सपाट. मी बघतच राहिलो. सर मात्र मुळीच चकित झाले नाहीत. म्हणाले, "हो, म्हात्रेबाई बोलल्या होत्या मला, शालूखाली आहे म्हणून."

घर माझं, पेटी माझ्या घरातली, शालू मी आणलेला. आणि आत काय आहे ते भाडेकरूला माहीत, मालकाला नाही!

त्या दिवशी फॉर्म भरताना ती एवढंच बोलली, "बाकीच्या विषयांचं मी बगते. पन इंग्लिश एकदाच देनार. नापास झाले तर परत नाय बसनार." सर म्हणाले, "होणार नाही नापास." बोलायची माझी जागा सरांनी आधीच घेतली होती.

* * *

सरांना शाळेची सवय. विद्यार्थी दोन, तरी हजेरी घ्यायचे. "तन्वी म्हात्रे." "प्रेझेंट सर." "द्वारका म्हात्रे." "प्रेझेंट सर." आणि काय तो आवाज! मी तीन हाका मारतो तेव्हा एकदा "काय" येतं, आणि इथे नाव संपायच्या आत प्रेझेंट.

आमच्यात बायकोला नावाने हाक मारत नाहीत. मी 'आगो' म्हणतो, चार माणसांत 'तन्वीची आजी' म्हणतो. पण रात्रभर ते 'द्वारका' माझ्या कानात वाजत राहिलं. सबनीस म्हणू शकतो तर मी का नाही? सकाळी घसा साफ केला आणि खुर्चीतून मोठ्याने म्हटलं, "द्वारका, चा दे."

ती पिठाच्या हाताने धावत आली. माझ्या कपाळाला हात लावला.

"काय व्हतंय? बीपीची गोळी घेतली का नाय तुमी?"

* * *

सरावाचं पुस्तक दोघींत एकच होतं. तन्वी पेन्सिलने उत्तरं लिहायची, सर तपासायचे, मग आजी खोडरबर घेऊन सगळं पुसायची आणि त्याच रेघांवर आपली उत्तरं लिहायची. पानं कांद्याच्या सालीसारखी झाली होती. एकदा सरांनी तिच्या उताऱ्याखाली लाल पेनाने 'व्हेरी गुड' लिहिलं. त्या दिवसापासून पुस्तक देवाच्या फळीवर. मला कंपनीत पंचवीस वर्षं भरली म्हणून स्टीलचा डबा दिला होता, त्यात ती हिंग ठेवते.

मला राहवलं नाही. दुपारी ती लवंडली तेव्हा मी लाल पेन मिळवलं आणि तिच्या सहा उत्तरांवर मोठ्या मोठ्या फुल्या मारल्या. संध्याकाळी तिने पुस्तक उघडलं. मला वाटलं आता रडेल, मग मी समजूत घालीन, म्हणेन, जाऊ दे गो, मास्तर कडक आहे.

ती म्हणाली, "सर चुकीला गोल करतात, फुली मारत नाय. आनि ही फुली मी वळखते. जिन्याखाली सगळ्या मीटरवर हीच मारलेली हाय."

मीटर ओळखायला भाडेकरूंच्या मीटरवर फुल्या मीच मारतो.

सरांनी चष्मा लावला, सहाही उत्तरं शांतपणे वाचली आणि म्हणाले, "म्हात्रे, यातली दोन खरंच चुकलेली आहेत. माझ्या नजरेतून सुटली होती. उद्यापासून तुम्हीही बसा, तुमच्यात दम आहे."

मी बसलो नाही. गुडघे दुखतात असं सांगितलं.

* * *

शब्द पाठ व्हावेत म्हणून तन्वीने घरभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. खिडकीवर खिडकीचं इंग्रजी, मिक्सरवर मिक्सरचं. मला मोठी एबीसीडी येते, कंपनीतल्या पाइपांवर तीच असायची. छोटी येत नाही. एक दिवस बघतो तर माझ्या खुर्चीच्या हातावरही चिठ्ठी.

"काय लिवलंय गो?" तन्वीला विचारलं.

"आर्मचेअर, आबा."

मला बरं वाटलं. घरात आपल्यालाही कुणी मोजतं. आठ दिवस मी येईल त्याला ती चिठ्ठी दाखवली. गॅसवाल्याला दाखवली, पोस्टमनला दाखवली. "ही आपली आर्मचेअर." पोस्टमन वाचून माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मला वाटलं, खुर्ची आवडली.

नवव्या दिवशी सर वाकले, चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढून पुसायला लागले. "म्हात्रे, ही कोणी लिहिली?"

"का? आर्मचेअर नाय का?"

"नाही. यावर जेलस लिहिलंय. जेलस म्हणजे दुसऱ्याचं चांगलं बघून जळणारा."

मी तन्वीकडे बघितलं. ती पुस्तकात तोंड घालून हलत होती. मी किचनच्या दाराकडे बघितलं. तिथे ती उभी, पदराला हात पुसत.

"सर," ती म्हणाली, "स्पेलिंग बरोबर हाय ना?"

"एकदम बरोबर," सर म्हणाले.

* * *

इंग्रजीच्या पेपरात उतारा असतो, आणि उताऱ्याच्या शेवटी एक प्रश्न असतो ज्याचं उत्तर उताऱ्यात नसतं. आपल्या मनाने लिहायचं. तुमचा आवडता माणूस कोण, तुम्हाला शिकायला कोणी प्रोत्साहन दिलं, असलं काहीतरी. सरांनी त्याची युक्ती सांगितली ती मीही ऐकली.

"इथे खरं-खोटं कोणी तपासत नाही. तुमचे काका विमान चालवतात असं लिहिलंत तर पेपर तपासणारा घरी येऊन काका दाखवा म्हणत नाही. वाक्य पूर्ण पाहिजे, मुद्दा पाहिजे. खोटं लिहिलं म्हणून मार्क कापत नाहीत."

तन्वीने ताबडतोब लिहिलं की माझे आजोबा रोज पहाटे पाचला उठतात, व्यायाम करतात आणि माझा अभ्यास घेतात. तिला पैकीच्या पैकी. सर म्हणाले, "कल्पनाशक्ती उत्तम."

मग ह्या बाईंनी लिहिलं. लिहायला अर्धा तास लागला. तन्वीने वाचून मराठीत सांगितलं, "आजीने लिहिलंय, मला सबनीस सरांनी प्रोत्साहन दिलं. ते शांत आहेत. ते कधी चेष्टा करत नाहीत."

सर लाजले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, लाजला! मला घशाशी आलं. सर वर गेल्यावर मी तिला म्हटलं, "माझं नाव लिवलं असतंस तर हात मोडला असता काय? खोटं चालतं बोलले ना ते."

"मला खोटं लिवायला जमत नाय," ती खोडरबरने पान पुसत म्हणाली. "खरं लिवायलाच इतका टाइम लागतो."

त्या दिवसापासून मला एकच ध्यास. परीक्षेत तो प्रश्न आला तर नाव माझं पाहिजे. मी काय काय केलं नाही? भाजी आणली, तिने ती पुन्हा निवडली. डाळीला फोडणी दिली, शेजारच्या बिल्डिंगमधून फोन आला, कुठे जळतंय का म्हणून. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "जळतायत ते आमचेच हायत."

* * *

दहावीचा मोसम तोच आमच्या गावात हळदीचा मोसम. पेपरच्या आदल्या संध्याकाळी मागच्या गल्लीत हिराजीच्या पोराची हळद. माणसाच्या उंचीचे स्पीकर, मांडणीवरची भांडी आपोआप नाचत होती. आता खरं सांगायचं तर शिरवण्यातल्या हळदीत पहिला नाचणारा मी, आणि डीजेला "आवाज वाढव" म्हणणाराही मीच. मी कुठल्या तोंडाने जाऊन सांगणार की हळू लावा?

ती कानात कापूस घालून मोठ्याने वाचत होती. एकच ओळ चार वेळा वाचली. तन्वीला विचारलं, "ही पुढं का जात नाय?"

तन्वीने हेडफोन काढला. तिचाही उद्या तोच पेपर होता. "आबा, आजी काय वाचतेय ते आजीलाच ऐकू येत नाहीये."

मी चपला घातल्या. कोपऱ्यावर जनरेटरची गाडी उभी होती, जनरेटरवाला मांडवात जेवत होता. मी चावी फिरवली, काढली, खिशात टाकली आणि घरी येऊन खुर्चीत बसलो. मागे सगळा काळोख. थोड्या वेळाने मांडवातल्या म्हाताऱ्यांनी मोबाइलच्या उजेडात तोंडाने हळदीची गाणी धरली. किती वर्षांनी ऐकली. इथे द्वारकाबाई दुसऱ्या पानावर पोचल्या होत्या. खोडी करून गप्प बसलो, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

अर्ध्या तासात हिराजी दारात. "वैनी, म्हातारा कुठे हाय? जनरेटरची चावी गेलीय. गावात असलं काम दुसरा कोन करील?"

तिने डोळे पुस्तकातून उचललेसुद्धा नाहीत. "ते? ते दुपारपासून हितंच हायत. माझं वाचन ऐकतायत."

हिराजीने माझ्याकडे बघितलं. मी वाचन ऐकतोय असा चेहरा केला. तो गेला.

तो पुरता दिसेनासा होईपर्यंत ती थांबली आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "चावी."

मी दिली. तिने ती खूण म्हणून पुस्तकात ठेवली आणि पुढचा उतारा काढला. तो संपवला. आणखी एक संपवला. मग तन्वीला हाक मारली, "ही हिराजीकाकांच्या मांडवात खुर्चीखाली टाक, आनि सापडली म्हनून सांग."

* * *

दुसऱ्या दिवशी तन्वीचं सेंटर नेरुळला, तिला तिचे आईबाप घेऊन गेले. हिचं सीवूड्सला. हिच्याबरोबर मी आणि सर. मी एकटा पुरे होतो, पण सर खाली इस्त्रीचा शर्ट घालून उभेच होते.

गेटवर सिक्युरिटीवाला म्हणाला, "आजी, पालकांनी त्या झाडाखाली थांबा."

तिने हॉल तिकीट पुढे केलं. त्याने फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "मग हे कोण?"

"हे माझे पालक," ती म्हणाली. "दोघंपन."

दोघंपण म्हणायची काय गरज होती?

तीन तास आम्ही त्या झाडाखाली. सर नुसते घड्याळ बघत होते. मी मनात एकच जप करत होतो, तो प्रश्न येऊ दे, तो प्रश्न येऊ दे.

घंटा झाली. आधी पोरंपोरी सुटली, आणि सगळ्यांच्या मागून ही, चपला हातात घेऊन. बोटांना शाई, तोंड लाल. मी दोन पावलं पुढे गेलो. ती माझ्या बाजूने निघून सरांकडे गेली आणि प्रश्नपत्रिका त्यांच्या हातात दिली. ते दोघं पान उलटत होते, हे लिहिलं का, ते लिहिलं का, आणि मी पाण्याची बाटली धरून उभा. शेवटी सर म्हणाले, "होणार पास. आरामात." तिने डोळे मिटले आणि एकदाचा श्वास सोडला. मीही सोडला, पण माझा कुणी बघितला नाही.

मग सरांचं बोट पानावर थांबलं. "हे बघा, आपला प्रश्न आलाच. तुम्हाला शिकायला कोणी प्रोत्साहन दिलं, पाच वाक्यं. हे तर तुमचं पाठच होतं."

ती जरा खाली बघून म्हणाली, "माफ करा सर. तुमचं नाव नाय लिवलं."

"मग कोणाचं?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

काय सांगू तुम्हाला. मी सबनीसच्या त्या सगळ्या केसांवरून एकदा नजर फिरवली. बाटली काखेत मारली, शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हटलं, "असं मोघम नको. काय काय लिवलंस ते सरांना नीट सांग. पाची वाक्यं."

"लिवलं, माजा नवरा मला अभ्यासाला लय मदत करतो. तो माझी चेष्टा करत नाय. घरात आवाज झाला तर तो बंद करतो. तो शांत मानूस हाय. त्याच्यामुलं मी शिकले."

मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ऐकलंत? आनि ही बोलत होती, हिला खोटं लिवायला जमत नाय."

तिने माझ्या काखेतली बाटली काढून घेतली, दोन घोट पाणी प्यायली आणि झाकण लावत म्हणाली, "एवढे महिने क्लास कशाला लावला व्हता मग?"